फीट आधी आली, की बोलणं आधी अडलं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेचार वर्षांचा. तीन पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत पहिली फीट आली. दीड वर्षात तीन औषधं झाली, तरी महिन्यातून चार-पाचदा येतेच. आता तो चालताना पडतो, आणि मागच्या गणपतीत बोबडी का होईना जी आरती म्हणायचा, ती यंदा त्याने म्हटलीच नाही. एमआरआय नॉर्मल आहे. एक डॉक्टर म्हणाले मिर्गी आहे, वेळ लागेल. दुसऱ्यांनी मेंदूचा वाढत जाणारा आजार असू शकतो असं सांगून जीन टेस्टची चिठ्ठी दिली. सासूबाईंचं म्हणणं, या औषधांनीच पोर मंद झालंय. आणि तुम्ही विचारताय, नुसती मिर्गी की आणखी काही, आणि जीन टेस्ट आत्ताच करायची का?

इंदूरला लहान मुलांच्या मेंदूविकारांचं काम करत मला पंचविसेक वर्षं झाली. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. असं मूल समोर आलं की मी कुठून सुरुवात करतो आणि का, एवढं मात्र सविस्तर सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. फीट थांबत का नाही हा एक. जे येत होतं ते जातंय का, हा दुसरा. घरात सगळ्यांचं लक्ष पहिल्याकडे असतं, कारण फीट दिसते आणि ती भीतीदायक असते. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. औषधांना दाद न देणारी फीट बऱ्याच मुलांना असते. त्यांतल्या बहुतेकांचा मेंदू झिजत नसतो. पण चार वर्षांच्या मुलाचे शब्द कमी होत असतील, तर त्याचं कारण शोधायलाच हवं, मग फीट महिन्यातून एक असो वा दहा.

फीट येणारं मूल मागे का जातं, याची तीन कारणं मी मनात धरून बसतो: औषध, मेंदूतली वीज, आणि मूळ आजार. याच क्रमाने तपासतो, कारण पहिली दोन दुरुस्त होण्यासारखी आहेत.

औषधापासून सुरू करू, म्हणजे सासूबाईंच्या म्हणण्यापासून. त्यांना हसून सोडून देऊ नका. फेनोबार्बिटोनने मूल सुस्त किंवा भलतंच चिडचिडं होतं. क्लोबाझामने लाळ गळते, चाल डगमगते. टोपिरामेटने तोंडावर आलेला शब्द सापडत नाही. व्हॅल्प्रोएटने हात कापतात, आणि कधी रक्तातला अमोनिया वाढून मूल गुंगल्यासारखं होतं. फेनिटॉइनचं प्रमाण थोडं जरी जास्त झालं तरी मूल दारू प्यायल्यासारखं चालतं. आणि इथे एक गोष्ट दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या घरात सापडतेच: फेनिटॉइनचं सिरप न हलवता दिलं जातं. औषध तळाशी बसतं. बाटलीच्या सुरुवातीला मुलाला जवळपास पाणीच मिळतं आणि फीट येते. बाटली संपत आली की दाट औषध पोटात जातं आणि मूल पडायला लागतं. घरचे म्हणतात, डॉक्टर, याचं काही कळतच नाही, पंधरा दिवस असं, पंधरा दिवस तसं. अशा वेळी मी आधी बाटली मागवतो. एमआरआय नंतर.

आणखी एक. काही औषधं काही प्रकारच्या फीट वाढवतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन ही मंडळी एका बाजूने येणाऱ्या फीटवर चांगली, पण क्षणभर अंग दचकून उडतं त्या झटक्यांत किंवा टक लावून हरवण्याच्या फीटमध्ये प्रकरण बिघडवू शकतात. तेव्हा एका कागदावर डावीकडे औषध सुरू केल्याची, वाढवल्याची, बंद केल्याची तारीख लिहा आणि उजवीकडे मुलात काय बदललं ते. औषध वाढवल्यावर आठवड्याभरात पडणं सुरू झालं असेल तर सासूबाई बरोबर. औषध सहा महिने तेच आणि तेवढंच आहे, मूल मात्र दर महिन्याला थोडं थोडं उतरतंय, तर औषधावर खापर फोडून चालणार नाही. मात्र हे वाचून कुठलंही औषध स्वतः बंद करू नका. अचानक थांबवल्यावर येणारी फीट कधी कधी थांबता थांबत नाही.

दुसरं कारण वीज. दिवसा शांत दिसणाऱ्या मुलाच्या मेंदूत झोपेत रात्रभर अपस्माराच्या, म्हणजे मिर्गीच्या, लहरी चालू असू शकतात. बाहेर काही दिसत नाही, पण भाषेचं केंद्र बंद पडल्यासारखं होतं. लँडाउ आणि क्लेफनर या दोघांनी १९५७ मध्ये अशाच मुलांचं वर्णन केलं: चांगलं बोलणारं मूल हाक मारली तरी वळत नाही, घरच्यांना वाटतं बहिरं झालं. हा मेंदू झिजत नसतो, अडकलेला असतो. स्टेरॉइड किंवा रात्रीच्या औषधांनी पुष्कळदा काही भाषा परत येते. म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झोपेतला हवा. वीस मिनिटं जागेपणी काढलेला ईईजी आणि त्यावर ‘नॉर्मल’ असं लिहिलेला कागद घेऊन लोक येतात, त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, आणि प्रयोगशाळेत झोप लागेपर्यंत थांबायला सांगा. सोबत एकदा कानाची तपासणीही करून घ्या. ती साधी आहे आणि नेमकी हीच राहून जाते.

आता तिसरं कारण, ज्यासाठी तुम्ही लिहिलंत.

मूळ आजारच वाढत असेल, तर गेलेली गोष्ट चांगल्या दिवसांतही पूर्ण परत येत नाही. फीटनंतर दोन-तीन दिवस मूल लुळं-मुकं राहिलं आणि मग पहिल्यासारखं झालं, याला मी मागे जाणं म्हणत नाही. दोन आठवडे फीट नाही, ताप नाही, औषधही तेच, आणि तरी मागच्या वर्षी चढत होता तो जिना आज चढत नाही, तर ते मागे जाणं. यात सगळ्यात उपयोगी पडतो तो क्रम. आधी काय अडलं, मग काय गेलं, फीट कुठे आली. एमआरआय एका दिवसाचं चित्र दाखवतो. दोन वर्षांची गोष्ट फक्त घरच्यांकडे असते.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण ती खास आपल्या गावाची आहे. इंदूरच्या मराठी घरात मूल आजीशी मराठी बोलतं, गल्लीत हिंदी, आणि शाळेत इंग्रजी कविता म्हणतं. असं मूल अडीच वर्षांचं होऊन दोन शब्दांपुढे गेलं नाही, की रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत कुणीही सांगतं: घरात दोन-तीन भाषा आहेत ना, म्हणून उशीर. मीही सांगायचो. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एका मुलीच्या आईला मी हेच सांगून परत पाठवलं. आठ-नऊ महिन्यांनी तिला फीट सुरू झाल्या. औषध दिलं, दोन महिने बरे गेले, मग ती पडू लागली. मी औषधाला दोष दिला, प्रमाण कमी केलं, वाट पाहिली. वर्ष गेलं. शेवटी त्वचेचा तुकडा तपासून निदान झालं तेव्हा घरात धाकटं भावंड आलेलं होतं, आणि त्यालाही तोच आजार निघाला. मोठीसाठी तेव्हा औषधच नव्हतं, ते माझ्या हातात नव्हतं. धाकट्याच्या आधी आईवडिलांना कल्पना देणं हातात होतं.

दोन भाषांमुळे मूल भाषांची सरमिसळ करतं, ‘पानी दे ना आजी’ म्हणतं, पण एकूण शब्द अडत नाहीत. बोलणं उशिरा, आणि मग तीनच्या आसपास विनाताप फीट, हा क्रम आता माझ्यासमोर आला की मी थांबतो. तुम्ही लिहिलंय की आरती ‘बोबडी’ म्हणायचा. दोन वर्षांचा असताना तो किती बोलत होता, ते लिहिलेलं नाही. तेच मला सगळ्यात आधी विचारायचं आहे.

असं विचारण्याचं कारण म्हणजे पेशींतला कचरा साठत जाणाऱ्या आजारांचा एक गट आहे, बॅटन या इंग्लिश डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा. त्यातला सीएलएन २ हा प्रकार जवळपास याच क्रमाने चालतो: आधी बोलण्यात उशीर, दोन ते चार वर्षांच्या वयात फीट, पाठोपाठ तोल जाणं आणि अंग दचकणं, मग शब्द आणि पावलं जाणं, आणि नंतर दृष्टी. त्याच गटातल्या मोठ्या मुलांच्या प्रकारात उलट, दिसणं आधी कमी होतं आणि फीट काही वर्षांनी येतात. क्रम बदलला की आजार बदलतो, म्हणून मी क्रमाला एवढा चिकटून आहे.

पडण्याबद्दलही नीट पाहा. पडणं दोन तऱ्हेचं असतं. दोरी कापलेल्या बाहुलीसारखं मूल उभ्या उभ्या कोसळतं, कपाळ-हनुवटी फुटते आणि क्षणात उठतं, तर ती फीटच आहे. पाय रुंद टाकत, भिंत धरत, वळताना तोल जाऊन पडतं, हातातला पेला तोंडापाशी नेताना हिंदकळतो, तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूकडे पाहावं लागतं. दोन्ही एकत्रही असू शकतं. तोंडी वर्णनावरून मला हे कधीच कळत नाही, व्हिडिओवरून दहा सेकंदांत कळतं. फीटचा व्हिडिओ काढणाऱ्या बापाला घरचे रागावतात, ‘पोर तिकडे तडफडतंय आणि तू मोबाईल धरतोस’ म्हणून. एकाने मुलाला कुशीवर वळवावं, दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. तोंडात चमचा नको, चप्पल हुंगवणं नको. फीट पाच मिनिटांपलीकडे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा द्या आणि दवाखाना गाठा. तो घरात नसेल तर पुढच्या भेटीत लिहून मागा.

तपासताना मी काय पाहतो ते थोडक्यात सांगतो. डोक्याचा घेर आणि तो वाढतोय की थांबलाय. यकृत-प्लीहा हाताला लागतात का. केस विरळ आहेत का, तोंडाभोवती पुरळ आहे का. टाळी वाजवली की मूल दर वेळी दचकतं का. आणि डोळ्याचा मागचा पडदा, त्यासाठी बुबुळात थेंब टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच. नात्यातलं लग्न आहे का हेही विचारतो. आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ लग्न चालतं, त्यामुळे हा प्रश्न घरात बोचतो. तरी विचारावा लागतो. यातले बरेच आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आला तरच होतात. दोघं पूर्ण निरोगी असतात, नातं नसलं तरी असं घडतं, आणि ‘कुणाच्या बाजूने आलं’ या भांडणाचं उत्तर नेहमी ‘दोघांच्या’ असंच असतं.

एमआरआय नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि नॉर्मल नसता तरी एवढ्यावरून घाबरू नका. सुरुवातीला लहान मेंदूचं आकुंचन इतकं थोडं असतं की अहवालात येत नाही. वर्षाने काढलेला दुसरा एमआरआय पहिल्याशेजारी ठेवला तरच दिसतं. म्हणून सीडी जपून ठेवा, नुसता कागद पुरत नाही. उलट उदाहरणही इंदूरातच पाहायला मिळतं. अग्रवाल समाजात मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक आनुवंशिक आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. पहिल्या वर्षात डोकं मोठं होतं, एमआरआय पाहून डॉक्टरही हबकतात, आणि मूल मात्र त्या चित्राच्या मानाने कितीतरी चांगलं, हसत-चालत समोर येतं, फीट असल्या तरी. चित्र आणि मूल बरोबरीने चालत नाहीत.

ईईजीबद्दल अजून एक गोष्ट, ही तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात तो भाग बहुतेक ठिकाणी जलद गतीने उरकतात. सीएलएन २ ची खूण मंद गतीत सापडते, सेकंदाला एक-दोन लखलखाट. प्रत्येक लखलखाटाबरोबर डोक्याच्या मागच्या भागात एक मोठी लहर उठते. याला जास्तीचा खर्च नाही, दोन मिनिटं लागतात.

तर जीन टेस्ट आत्ता करायची का? करायची, पण तिच्याआधी काही गोष्टी याच आठवड्यात होण्यासारख्या आहेत, आणि त्यांत उपचार असलेले आजार आधी येतात. बायोटिनिडेज या एंझाइमची कमतरता असेल तर बायोटिन हे स्वस्त जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं, एवढाच उपचार. फीटबरोबर केस गळणं आणि पुरळ असेल तर मी अहवालाचीही वाट पाहत नाही. सकाळी उपाशीपोटी मूल जास्त बिघडतं आणि खाल्ल्यावर सुधारतं असं असेल, तर मेंदूपर्यंत साखर पोचत नसण्याचा आजार मनात येतो. त्यासाठी उपाशीपोटी आधी रक्तातली आणि लगेच पाठीच्या मणक्यातल्या पाण्यातली साखर मोजतात. त्यावर उपाय आहाराचा आहे, भात-पोळी जवळजवळ बंद आणि तूप, खोबरं, लोणी यांवर भर, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. रक्तातला लॅक्टेट आणि अमोनियाही पाहतो. पेशींच्या ऊर्जाकेंद्रांच्या आजाराची शंका असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल सावध राहावं लागतं, कारण त्यातल्या एका प्रकारात ते यकृत निकामी करू शकतं. तुमच्या मुलाला ते चालू असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की ही शंका तपासली आहे का.

त्याच वेळी बॅटन गटातल्या सीएलएन १ आणि सीएलएन २ या प्रकारांची एंझाइम तपासणी. यासाठी गाळणकागदावर रक्ताचे थेंब वाळवून पाठवले जातात, म्हणजे मुलाला घेऊन अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठायची गरज पहिल्या टप्प्यावर नाही. एंझाइम कमी निघालं तर जीनची तपासणी त्यावर शिक्कामोर्तब करते. एंझाइम ठीक असेल तर मग व्यापक जीन टेस्ट, शक्य असल्यास आईवडिलांच्या रक्तासह.

जीन टेस्टवरही आंधळा विश्वास नको. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला बदल निघतो, आणि लोक तोच आजार समजून रात्रभर वाचत बसतात. काही दोष या टेस्टला दिसतच नाहीत. मोठ्या मुलांत झटके आणणाऱ्या उनफेरिख्त-लुंडबोर्ग आजारात जीनचा एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडला गेलेला असतो. तो नेहमीच्या टेस्टमधून निसटतो आणि वेगळा मागवावा लागतो. मूल समोर ठेवून अहवाल वाचणारा डॉक्टर हवा.

तुमच्या मुलाच्या वयाला कमी लागू, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मूल आठ-बारा वर्षांचं असेल तर: अक्षर बिघडतंय, मार्क घसरताहेत, जेवताना ठराविक अंतराने हात किंवा मान झटकन खाली जाते. अशा वेळी तान्हेपणी गोवर येऊन गेला होता का ते आठवा. गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि बहुधा पाच-दहा वर्षांनी असा वर येतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांत धोका जास्त. ईईजीत ठराविक अंतराने येणाऱ्या लहरी आणि मणक्यातल्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिद्रव्यं, यांवर निदान होतं. शाळा याला आळस समजते आणि घरचे मोबाईलचं वेड. असं मूल मी आजही पाहतो, आणि लसीचे दोन डोस वेळेवर झाले असते तर बहुधा पाहावं लागलं नसतं.

निदान होऊन फायदा काय, हेही तुम्ही न विचारता विचारलं आहे. अवलंबून आहे. सीएलएन २ साठी २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपात एंझाइमचं औषध मंजूर झालं. डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून ते दर पंधरा दिवसांनी थेट मेंदूच्या पोकळीत देतात. त्याने चालणं-बोलणं जाण्याचा वेग कमी होतो; गेलेलं परत येत नाही, म्हणून आधी ओळखण्याला महत्त्व. खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात निवडक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम त्यांपैकी एक केंद्र आहे. मात्र ती यादीतल्या आजारांपुरती असते, तेव्हा निदान हातात आल्यावर तिथेच विचारा. उपचार नसलेला आजार निघाला तरी नको ती औषधं थांबतात, गिळण्याची आणि झोपेची काळजी आधीच घेता येते. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दर गरोदरपणात चारांत एक अशी शक्यता धरून अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासता येतो. मात्र मोठ्याच्या जीनमधला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, तरी मी लिहितोय, कारण त्या मुलीच्या आईने मला विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

पुढच्या भेटीला जाताना औषधांच्या तारखांचा कागद, एमआरआयची सीडी, लसीचं कार्ड आणि तीन व्हिडिओ घेऊन जा: एक त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाचा, एक पहिल्या फीटच्या आधीचा, एक या आठवड्यातला. तिन्हींत तो चालताना आणि बोलताना दिसावा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर नेलं असेल तर दर वर्षीचा एखादा सापडेलच. फक्त तारीख मूळ मोबाईलमध्ये तपासा. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओवर तो पाठवल्याची तारीख पडते, आणि मग क्रमच उलटा होऊन बसतो.